भूलवाले सर

नारखेडे सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "मिस्त्री, तुम्हाला कधी ऑपरेशनसाठी भूल दिली होती का?"

टेबल फॅन त्यांच्या काखेत होता, वायर जमिनीवर लोळत होती, आणि माणूस दुकानाच्या पायरीवर उभा राहून मला भुलीचं विचारत होता. मोताळ्यात मोटार वायंडिंगचं माझं दुकान चाळीस वर्षांपासून आहे. लोक येतात, मोटार आपटतात आणि "कधी भेटन?" एवढंच विचारतात. त्यांच्या पाठीमागं पीक सुकत असतं, त्यांना दुसरं काही सुचत नाही. माझ्या अंगात काय घडलं होतं हे ज्याला जाणून घ्यायचं होतं असा हा पहिलाच माणूस.

मी म्हटलं, दिली होती. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा.

सरांनी फॅन खाली ठेवला, खिशातून छोटी वही काढली आणि विचारलं, "मग त्या दोन तासांत तुम्ही कुठं होता?"

"टेबलावर होतो," मी म्हटलं.

"ते शरीर. तुम्ही कुठं होता?"

मला राग आला. मी पाचवी शिकलेला माणूस. सहावीत गेलो होतो, पण सहावी मला पटली नाही. शिकलेल्या माणसानं माझी परीक्षा घेतलेली मला चालत नाही. पण हे परीक्षा घेत नव्हते, ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून मी हातातली तार ठेवली आणि खरंच आठवून पाहिलं.

"सर, लाइट गेली अन् लाइट आली. मधात टाइमच नव्हता. झोपेत कसं, मीटर चालू राह्यते. मानूस उठला की त्याले समजते, लय वेळ झोपलो. भुलीत मीटरच बंद होतं."

सरांनी ते लिहून घेतलं आणि 'मीटर बंद'च्या खाली रेघ मारली. चाळीस वर्षांत माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं. त्या दिवशी ते माझे झाले. हे आधीच कबूल करून ठेवतो, कारण पुढं आमच्या भांडणाचं सांगायचं आहे.

सर मूळचे मोताळ्याचेच. बाहेरगावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत. रिटायर झाले आणि बायकोला घेऊन बापाच्या जुन्या घरी परत आले. उंच, किडकिडीत, मानेत थोडे वाकलेले, जणू सगळ्या दुनियेची दारं त्यांना बुटकी पडत होती. खिशात एक पेन आणि एक पेन्सिल. लोकांनी सांगितलेलं पेननं लिहायचे, स्वतःच्या मनातलं पेन्सिलनं. काऊन म्हणून विचारलं, तर म्हणाले, "लोकांनी सांगितलं ते त्यांचं आहे, ते मला पुसता येत नाही. माझं मत मात्र पुसता आलं पाहिजे."

गावानं त्यांना भूलवाले सर हे नाव ठेवायला महिनाही लावला नाही. आठवडी बाजारात ते भाजी कमी घ्यायचे आणि हा प्रश्न जास्त विचारायचे. भाजी विकणाऱ्या एका माळव्यावालीला विचारलं, तर ती म्हणाली, माझं तिसऱ्या खेपेला पोट फाडलं तेव्हा मी जागीच होती, डॉक्टरीण नर्सले भरीत कसं करायचं ते सांगत होती, सगळं ऐकलं. सरांनी तिला नीट समजावलं, की बाई, ती कंबरेतली भूल, तिच्यात माणूस जागाच राहतो, ती आपल्या कामाची नाही. ती म्हणाली, "मंग काय तुमच्यासाठी पुन्हा पोट फाडून घेऊ का?" सर इतके ओशाळले, की दोन किलो वांगी घेऊन आले. घरात खाणारं कोणी नव्हतं, निम्मी माझ्या घरी आली. एका म्हाताऱ्याला वाटलं की हा किडनीवाला दलाल आहे. तो महिनाभर सर दिसले की सदऱ्याची खालची गुंडी लावून घ्यायचा.

त्यांची दुसरी गोष्ट म्हणजे 'माहीत नाही'. आमच्या भागात हे दोन शब्द कोणी बोलत नाही. रस्ता विचारा. ठाऊक नसला तरी माणूस हात करून दाखवील, तुम्ही दोन कोस चुकाल, पण तो 'माहीत नाही' म्हणणार नाही. मीही त्यातलाच. मोटार कशानं जळाली हे मी उघडायच्या आधी सांगतो. सर मात्र 'माहीत नाही' असं म्हणायचे की जणू काही वस्तू तुमच्या हातात देत आहेत. आवाज खाली जायचा नाही, नजर चोरायची नाही. मला आधी वाटलं, इतकं शिकून याला काहीच कसं माहीत नाही.

एक दिवस मी विचारलंच, की हे भुलीचं खूळ काय आहे. दुपारचे तीन वाजले असतील. सर मोटारीच्या खोक्यावर बसले आणि त्यांनी मला सांगितलं. मला जसं समजलं तसं लिहितो.

पदार्थाचा जो बारीक कण असतो, तो आपण मोजत नाही तोवर एका जागी नसतो. इथंही असतो, तिथंही असतो. मोजला की एका जागी सापडतो. शंभर वर्षं झाली, मोठेमोठे शास्त्रज्ञ यावर डोकं धरून बसले आहेत.

मी म्हटलं, "यात काय डोकं धराचं? आपला लाइनमन तसाच हाय. ऑफिसातही असते अन् फिल्डवरही असते. फोन लावला की मंग समजते."

"काय समजतं?"

"की कुठंच नव्हता."

सर खोक्यावरून खाली बसले, इतके हसले. हसणं थांबल्यावर म्हणाले, की मिस्त्री, हे मी वर्गात सांगितलं असतं तर निम्मी पोरं पास झाली असती.

मग पुढचं सांगितलं. काही शास्त्रज्ञ म्हणतात, त्यांतला एक तर भूल देणारा डॉक्टरच आहे, की मेंदूच्या पेशीत फार बारीक नळ्या असतात. कणांचं ते इथं-तिथं असणं त्या नळ्यांत थोडा वेळ टिकतं आणि मग कोसळतं. ते कोसळणं म्हणजे जाणिवेची एकेक ठिणगी. मी आहे, मला दिसतं, मला दुखतं, हे सगळं त्या ठिणग्यांचं. आणि भूल दिली की त्या नळ्या गप्प होतात. दुसरे शास्त्रज्ञ हे ऐकून हसतात. ते म्हणतात, मेंदू गरम आणि ओला. अशा ठिकाणी इतकं नाजूक काही टिकत नाही.

"बरोबर हाय त्यांचं," मी म्हटलं. "गरमीनं वायंडिंग टिकत नाही. ओल आली तर आणखीच नाही."

"आणि तरी तुमची मोटार विहिरीत बुडून चालते," सर म्हणाले.

याला माझ्याकडे उत्तर होतं, पाणी अडवणाऱ्या सीलचं, पण मी दिलं नाही. मला विचार करावासा वाटला.

सर म्हणाले, की आपल्या जुन्या लोकांनी या जाणिवेच्या घराच्या तीन खोल्या सांगितल्या. जागेपण, स्वप्न आणि गाढ झोप. आणि चौथा जो आहे तो खोली नाही, तो या तिन्ही खोल्या पाहणारा. साक्षी. गाढ झोपेत कोणी नसतं असं म्हणावं, तर माणूस उठून म्हणतो, छान झोप लागली. मग ते छान कोणी पाहिलं? म्हणजे आत कोणीतरी जागं होतं.

तीस वर्षं मी भजनात टाळ वाजवतो. साक्षी हा शब्द हजार वेळा तोंडातून गेला असेल. समजला त्या दिवशी, मोटारीच्या खोक्याजवळ.

मग सरांनी पेन्सिल काढली आणि वहीवर नुसती टेकवून धरली. "पण मिस्त्री, भुलीतून उठलेला कोणी म्हणतो का, छान भूल लागली?"

मी म्हटलं, नाही.

"हाच काटा आहे," ते म्हणाले आणि घड्याळ पाहून उठले. पावणेचार झाले होते.

पावणेचारला ते नेहमीच उठत. समोर चहा आलेला असो, पाऊस असो. मी समजत होतो, पेन्शनर माणूस, औषधाची वेळ असेल. खरं काय ते पुढच्या महिन्यात कळलं, त्यांच्या घरचा सीलिंग फॅन बंद पडला तेव्हा.

आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर त्यांची बायको होती. विमलबाई. शाळेत मास्तरीण होत्या. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हापासून अशा. डोळे उघडे, पण तुमच्याकडे नाही. नाकात नळी. मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की श्वास चालू आहे, पण यांना काही कळत नाही. मुलगा पुण्याला नोकरीत. तो फोनवर म्हणायचा, बाबा, आई आता तिथं नाही, तुम्ही स्वतःला कोंडून घेऊ नका, तिला चांगल्या ठिकाणी ठेवू, तुम्ही माझ्याकडे या. सेवेला रुख्माबाई येत. अंग पुसणं, कूस बदलणं सगळं मनापासून करत, पण मुकाट्यानं.

मी स्टुलावर चढलो तर सर म्हणाले, थांबा मिस्त्री. पलंगाजवळ गेले, कानाजवळ वाकले. "विमल, हे मिस्त्री. ते मीटर बंद म्हणाले होते ना, तेच. पंखा पाहाले आले." आणि ते थांबले. किती थांबले, तर एखाद्या बाईला "बसा म्हणा, चहा ठेवते" असं म्हणायला जितका वेळ लागेल तितके. मग म्हणाले, "हाव, देतो त्यांले चहा."

तेवढ्यात चार वाजले. मी वर पंख्याच्या पात्या पुसत होतो आणि खाली सर बायकोला दिवस सांगत होते. बाहेर ते शुद्ध बोलायचे, इथं मात्र घरचं वऱ्हाडी. कोणाच्या अंगणातली चिंच तोडली, बाजारात भूल कोणाला दिली होती आणि तो काय म्हणाला. दर दोन-तीन वाक्यांनी ते थांबत. तिकडून काही येत नसे. तरी उत्तराएवढी जागा सोडत आणि मग पुढं बोलत. अर्धा तास. बाई नोकरीत होत्या तेव्हा चार वाजता शाळेतून येत आणि दोघं चहा पिताना बोलत, म्हणून चार.

मी खाली उतरलो तेव्हा वहीचं मला समजलं होतं. त्यांना सगळ्या दुनियेच्या भुलीचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना एकाच माणसाचं विचारायचं होतं, आणि ते माणूस सांगू शकत नव्हतं.

आता भांडण.

आमच्या गावात सप्ताह बसतो. लाइट आणि लाऊडस्पीकरचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. दुपारी प्रवचन असतं. कमिटीचे पाटील म्हणाले, यंदा शिकलेला माणूस आणू. मीच सरांचं नाव सुचवलं, छाती फुगवून. पाटलांनी सरांना घरी जाऊन सांगितलं, की बाकी काही नको, आत्मा आहे हे सायन्सनं सिद्ध केलं एवढं बोला. सर म्हणाले, मला जेवढं ठाऊक आहे तेवढं बोलेन. पाटलांनी तो होकार धरला.

सर पहिल्यांदा फार चांगलं बोलले. शास्त्रज्ञ कसे चक्रावले, त्यांतले काही आपल्या जुन्या विचारांकडे कसे वळले, हे सांगितलं. टाळ्या पडल्या. नळ्यांचं सांगितलं, टाळ्या पडल्या. मी माइकच्या मशीनजवळ बसलो होतो, सगळ्यांकडे असा पाहत होतो की जणू नळ्या मीच बसवल्या. मग सर म्हणाले, की हा एक विचार आहे, सिद्ध काही झालेलं नाही. टाळ्या थांबल्या. मग त्यांनी 'छान झोप लागली'चं सांगितलं, साक्षीचं सांगितलं, आणि लगेच काटा काढला. माझ्याकडे हात केला. "हे आपले किसन मिस्त्री. यांच्या ऑपरेशनचे दोन तास यांना नाहीतच. यांचा साक्षी तेव्हा कुठं होता? होता आणि आठवत नाही? की नव्हता? मला माहीत नाही." आणि खाली बसले.

मांडवात तीनेकशे माणूस. सगळे माझ्याकडे पाहत होते. पाटलांनी माइक घेतला, गजर सुरू केला आणि प्रसंग निभावून नेला. पण दुसऱ्या दिवसापासून माझं जगणं कठीण झालं. चहाच्या टपरीवर गेलो की कोणीतरी विचारायचं, "मिस्त्री, तुमचा साक्षी कुठं गेल्ता? दवाखान्याच्या कॅन्टीनले?" पाटील म्हणाले, पुढच्या वर्षी लाइटचं काम दुसऱ्याला देऊ, तुम्ही थकले.

मी सरांच्या घरी गेलो. ओट्यावर उभं राहूनच बोललो, आत गेलो नाही.

"सर, मानसं दिवसभर वावरात राबून तिथं येतात. कोणाचं लेकरू गेलं, कोणाची माय गेली. त्यांले एकच गोष्ट ऐकाची होती. सांगितली असती तर तुमचं काय गेलं असतं?"

सर वळले, आतल्या खोलीकडे पाहून म्हणाले, "तीच गोष्ट मला रोज चार वाजता ऐकायची असते, मिस्त्री. मी मलाच सांगत नाही, तर त्यांना कशी सांगू?"

माझंच बोलणं माझ्यावर उलटलं की मला जास्त राग येतो. मी परत आलो. पाच महिने बोललो नाही. ते दुकानावरून जायचे, थांबायचे, मी मोटारीत डोकं घालायचो. त्यांचा मिक्सर आला तो मी दुरुस्त करून रुख्माबाईच्या हाती पाठवला. काम चोख केलं. बोललो नाही.

पाचव्या महिन्यात वडनेर भोलजीच्या एका शेतकऱ्याची मोटार माझ्याकडे होती. मीच तिची नवी कॉइल भरली होती. आमच्या धंद्यात टेस्ट लॅम्प असतो. साधा बल्ब आणि दोन वायरी. कॉइलच्या दोन टोकांना लावायच्या. बल्ब लागला तर तार सलग, नाही लागला तर आतून तुटली. मी लावल्या, बल्ब लागला नाही. शेतकरी समोर उभा. मी त्याला लगेच सांगितलं, की तार आतून तुटली, पुन्हा भरावी लागेल. तो बिचारा पायरीवरच बसला, वावरात मिरची उभी होती. मी छिन्नी घेतली आणि कॉइल कापायला बसलो. निम्मी कापल्यावर एक टोक हातात आलं. ते खरवडलेलंच नव्हतं.

तांब्याच्या तारेवर पातळ लेप असतो, वीज आत कोंडून ठेवणारा. टोकावरचा लेप खरवडून काढला नाही, तर सलग तारेवरही बल्ब लागत नाही. या धंद्याचं हे पहिलं अक्षर. चाळीस वर्षांचा मिस्त्री ते विसरला आणि चांगली कॉइल कापून बसला. त्या माणसाला मी म्हटलं, तार खराब लागली होती, बदलून देतो. माझ्या पदरची नवी तार भरून दिली, पण दोष तारेवर ढकलला. आज इथं लिहितो, तार चांगली होती.

दुसऱ्या दिवशी साडेतीन वाजता मी सरांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी दार उघडलं आणि असे म्हणाले की जणू मी कालच गेलो होतो, "या, पंखा चांगला चालतो." मी बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं, कापलेली कॉइल, टोक, खोटं. मग म्हटलं, "सर, बाईचंही असंच असन. डॉक्टरनं बल्ब लावला, लागला नाही. पन टोक कोनी खरवडलंच नसन."

सरांनी वही काढली. पेननं लिहिलं, कारण माझं होतं. मग म्हणाले, "असू शकतं. पण न लागणारा प्रत्येक बल्ब टोकामुळंच लागत नाही, असं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलून आता कुठं जाणार होतो. "कधी तार खरंच तुटलेली राह्यते."

"मग विमलचं काय?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

जन्मात पहिल्यांदा. जमीन काही फाटली नाही.

सर म्हणाले, "ती नाही हे पक्कं ठाऊक असतं, तर मी गप्प बसलो असतो. आहेच आणि राहणारच हे पक्कं असतं, तर एखाद्या दिवशी म्हटलं असतं, उद्या बोलू. माहीत नाही, मिस्त्री. म्हणून रोज." आणि घड्याळ पाहून आत गेले.

त्यानंतर वर्षभरानं सरांच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन बुलढाण्याला ठरलं. पुण्याहून मुलगा आला. सरांनी मला बोलावून दोन कामं सांगितली. एक, भुलीतून जागे झाले की लगेच त्यांना विचारायचं, कुठं होता, आणि उत्तर वहीत लिहायचं, कारण नंतर माणूस मनानं जोडतो. दुसरं, ते दवाखान्यात असतील तितके दिवस चार वाजता विमलबाईंशी बोलायचं. मी म्हटलं, रुख्माबाई आहे, मुलगा आहे. सर म्हणाले, "मुलाला वाटतं तिथं कोणी नाही. त्याला खोटं बोलायला लावू नका. तुम्हाला माहीत नाही. तुम्ही बोला."

ऑपरेशनच्या दिवशी मी वही धरून बाहेर बसलो. दुपारी सरांना वॉर्डात आणलं. डोळे अर्धे उघडले, ओठ कोरडे. मी पेन उघडलं, कानाजवळ वाकलो. "सर, कुठं होते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखायला वेळ लागला. मग म्हणाले, "चार वाजले का?"

"नाही सर. तीन वाजले."

"मंग तुम्ही इथं काय करून राह्यले? निघा."

मुलगा पलंगाच्या पलीकडे उभा होता. त्यानं ऐकलं. नर्सला नंबर देऊन ठेवला, खाली गेला, गाडी काढली आणि मला म्हणाला, "बसा काका."  मोताळ्याला सरांच्या घरी पोचलो तेव्हा चारला पाच कमी होते.

मी खुर्ची ओढून पलंगाजवळ बसलो. चाळीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकासमोर मला कधी लाज वाटली नाही, तेवढी त्या बाईसमोर वाटली. म्हटलं, "बाई, मी मिस्त्री. सरांचं ऑपरेशन बराबर झालं. खडे निंगाले." आणि मग माझ्याजवळचं बोलणं संपलं. पंखा फिरत होता. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी त्यांना वडनेरच्या मोटारीचं सांगितलं. बल्ब लागला नाही, मी कॉइल कापली, शेतकऱ्याला खोटं सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी थांबलो आहे. एखादी मास्तरीण "मग त्याला खरं सांगून टाका ना" म्हणेल, तितका.

काही आलं नाही. पापणी हलली असं मी लिहू शकतो, लोकांना आवडेल. पण हलली नाही.

मी मागं पाहिलं, तर मुलगा उंबऱ्यात चप्पल काढून बसला होता. आपलं डोकं त्यानं चौकटीला टेकवलं होतं. दुसऱ्या दिवशीही तो मला दुकानावरून गाडीनं घेऊन आला आणि तिथंच बसला. तिसऱ्या दिवशी मी दहा मिनिटं बोललो आणि गप्प झालो, तर तो मागून म्हणाला, "आई, बाबा उद्या येतात." मी उठून त्याला खुर्ची दिली.

वडनेरच्या शेतकऱ्याला मी त्या आठवड्यात खरं सांगितलं. तो म्हणाला, मले तेव्हाच समजलं होतं मिस्त्री, तुमचं तोंड पाहून. मोटार चालून राह्यली ना, जाऊ द्या.

सर घरी आल्यावर मी वही परत दिली. त्यांच्या नावाच्या पानावर काहीच नव्हतं. म्हटलं, तुम्ही उत्तर दिलं नाही, वेळ विचारली. त्यांनी पेन घेतलं, पेन्सिल नाही, आणि लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं, मला वाचता येतं. लिहिलं होतं, 'माहीत नाही. पण परत आल्यावर आधी ती आठवली.'

पुढच्या उन्हाळ्यात मुलगा दोघांनाही न्यायला आला. आईला कुठं ठेवायचं नाही, घरीच, असं म्हणाला. झोपवून नेण्याची गाडी आणली होती. सामान चढवता चढवता उशीर होत गेला. सर सारखं घड्याळ पाहत होते. मला म्हणाले, की दुकान बंद करून आलात, नुकसान झालं. मी म्हटलं, सौर पंप आल्यापासून नुकसान व्हायलाही गिऱ्हाईक राहिलं नाही. ते हसले, पण लक्ष आत होतं. जाताना वही त्यांनी मला दिली नाही, मीही मागितली नाही. ती अजून भरायची होती.

गाडी सुरू झाली तेव्हा चार वाजले होते. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. बाजूच्या काचेतून सर दिसले. बाईंच्या कानाजवळ वाकलेले, ओठ हलत होते. घर सुटलं ते सांगत असतील, की मिस्त्री उभे आहेत ते. मग ओठ थांबले.

गाडी बुलढाणा रोडला वळली तेव्हा ते तसेच वाकून थांबलेले होते. उत्तराएवढे.